कारण : झाडाचे मूळ

सोमवारी सकाळी वैनपूरच्या शिक्षक कॉलनीतल्या करंजाला पिवळा पट्टा बांधला गेला. हे झाड पुढच्या पाच वर्षांत गुन्हा करणार आहे, असं त्या पट्ट्यावर छापलेलं होतं. शब्द अर्थातच सरकारी होते. 'सदर वृक्षाकडून भूमिगत जलवाहिनीस हानी पोहोचण्याची शक्यता ९१ टक्के. निष्कासन : शुक्रवार.' झाडानं अजून कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण बिघडवणार आहे, असं महापालिकेच्या यंत्राला कळलं होतं, आणि आजकाल यंत्राला कळलं की माणसांनी विचारायचं काही उरत नाही.

त्या करंजाखाली सुमनबाई केळझरकरांची इस्त्रीची गाडी बावीस वर्षं उभी होती. झाडही त्यांनीच लावलेलं. रस्ता रुंद झाला तेव्हा पदपथ आणि डांबर यांच्यामध्ये हातभर-दोन हात मातीचा पट्टा राहिला. त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लोक तिथे स्कूटर लावत, उरलेली विटा-वाळू टाकत. सुमनबाईंनी तिथे करंज खोचला आणि कपड्यांवर शिंपडून उरलेलं पाणी रोज त्याला घातलं. करंज मोठं समजूतदार झाड. फाल्गुनात पानं टाकून मोकळं होतं आणि ऊन पेटायच्या आत नव्या पालवीनं गच्च भरतं. वैनपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. पुढ्यात पेटत्या कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर ते ऊन, अशा अवस्थेत त्या सावलीशिवाय सकाळी दहानंतर उभं राहणं साठीच्या बाईला शक्य नव्हतं. शुक्रवारी झाड गेलं की शनिवारी सुमनबाईंचं काम बंद, इतका तो सरळ मामला होता.

समोरच्या घरात दौलतराव लांजेवार राहत. पाणीपुरवठा विभागात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. हाताला अजून पान्ह्याची पकड होती आणि तोंडालाही. त्यांनी पट्टा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊ, तुमची पोरगी त्याच हापिसात आहे नं," सुमनबाई म्हणाल्या. "तिले इचारा. पुढं कधीतरी करन म्हणून आजच कापता, हा कोणता न्याय?"

पोरगी त्याच ऑफिसात होती एवढंच नव्हे, ते यंत्र तिनंच बनवलं होतं.

यंत्राचं नाव मूळवेध. दिसायला ते बाळाच्या ढकलगाडीसारखं होतं. मातीच्या पट्ट्यावरून ढकलत नेलं की ते जमिनीत रेडिओलहरी सोडी. या लहरी मातीतून सरळ जातात, पण ओलं मूळ, दगड किंवा नळी आडवी आली की परततात, आणि त्या परतीच्या वेळेवरून आत काय किती खोल आहे ते कळतं. शिवाय खोडाला दोन सुया टोचून त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडला जाई. मुळांचा पसारा जेवढा मोठा तेवढा हा प्रवाह सहज मातीत उतरतो. दोन्ही मापं जुळवली की पडद्यावर झाडाच्या मुळांचं चित्र उभं राही. इथवर सगळं ठीक होतं आणि खरं होतं.

पण लहरींची नजर चार मीटरच्या पलीकडे पोचत नव्हती. तिथून पुढे अंदाज लागे आणि तो अंदाज यंत्राचा मेंदू बांधी. हा मेंदू म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक-प्रणाली. तिला गेल्या तीस वर्षांत शहरात झालेल्या प्रत्येक गळतीची नोंद दिली होती. कुठे फुटलं, नळी कशाची नि किती जुनी होती, जवळ कोणतं झाड होतं, कारण काय निघालं. हजारो नोंदी चाळून प्रणाली आपणच आडाखे बांधत गेली, की अमक्या जातीच्या, तमक्या वयाच्या झाडाचं मूळ किती वर्षांत किती लांबची नळी फोडतं. त्या भाकितावर महापालिकेनं 'रस्तापट्टा वृक्ष नियमावली' केली. शक्यता साठ टक्क्यांच्या वर गेली की झाड काढायचं आणि त्या जागी सिमेंटच्या कुंडीत मान्यताप्राप्त रोप ठेवायचं. मान्यताप्राप्त रोपं एकूण चार. त्यांतलं एकही माणसाच्या कमरेच्या वर जात नव्हतं, म्हणजे त्याच्या सावलीला बसायचं तर कोंबडीचाच जन्म घ्यायला हवा.

त्या संध्याकाळी जेवताना दौलतरावांनी लेकीला फैलावर घेतलं. रेणुका एकतीस वर्षांची. आई गेल्यापासून घरात दोघंच. तिनं घास खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे वेताळपेठेचं नाव काढलं. दोन वर्षांपूर्वी वेताळपेठेच्या एका गल्लीत गटाराचं पाणी पिण्याच्या नळीत शिरलं होतं. शंभरावर लोकांना कावीळ झाली आणि दोन मुलं गेली. चौकशी समितीच्या अहवालात आलं, की गल्लीतल्या झाडांच्या मुळांनी नळीचे जोड उचकटले. गल्लीतली अकराही झाडं तोडली गेली. त्या दोन मुलांसाठी मी हे यंत्र बनवलं, रेणुका म्हणाली, आणि सावली महत्त्वाची की मूल, याचं उत्तर तुम्हीच द्या. असा प्रश्न विचारला की समोरच्यानं काय बोलायचं? दौलतराव हात धुवायला उठले. पण मनातून त्यांना ते पटलेलं नव्हतं. करंजाच्या मुळांशेजारी त्यांनी उभा जन्म खड्डे खणले होते. हे झाड सरळ खाली पाणी शोधत जातं, नळ्यांच्या वाटेला जात नाही, हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

मंगळवारी ते हरकतीचा अर्ज घेऊन लेकीच्या ऑफिसात गेले. अर्जाचं नाव 'नमुना ड', सोबत जोडायच्या पुराव्यांची यादी दीड पानांची. ज्या बाईनं झाड लावलं तिच्याकडे झाड लावल्याचा पुरावा मागितला होता. दौलतरावांनी तो कागद टेबलावर आपटला आणि म्हणाले, तुझ्या यंत्रानं माझ्या करंजाचं काय चित्र काढलंय ते दाखव.

रेणुकानं दाखवलं. पडद्यावर करंज मधोमध होता आणि त्याच्याभोवती लाल रंगाचं वर्तुळ. वर्तुळ गल्ली ओलांडून पलीकडच्या घरांच्या खालून गेलं होतं.

"एकतीस मीटर," रेणुका म्हणाली. "करंजाचं मूळ एकतीस मीटरपर्यंत नळी फोडू शकतं."

"तुला कुणी सांगितलं? वडाचं जात असेल. करंज एवढा धावत नाही."

"मी नाही सांगत बाबा, नोंदी सांगतात. धान्यबाजाराच्या चौकात नळी फुटली होती. कारण मूळ निघालं. त्या चौकात सगळं काँक्रीट, झाड एकही नाही. सगळ्यांत जवळचं झाड एकतीस मीटरवर, करंजाचं. मग दुसरं कोणतं मूळ असणार? अशा पन्नास-साठ नोंदी आहेत."

तिनं ती नोंद उघडली. गळती दुरुस्तीची जुनी पिवळी स्लिप होती, तिचं छायाचित्र. ठिकाण, धान्यबाजार चौक. नळी, सिमेंटची. कारण, झाडाचे मूळ. खाली फिटरची सही.

दौलतरावांनी ती सही ओळखली. 'दौ. लांजेवार', आणि 'र'च्या शेपटीखाली दोन टिंबं. शाळेत लागलेली सवय.

त्यांना तो दिवसही आठवला. बाजारात तांदळाचे ट्रक वजनानं वाकलेले असत, आणि त्यांच्या चाकांखाली ती जुनी नळी उभी चिरली होती. भांडारात नवा जोड नव्हता. दौलतरावांनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, वर तार आवळली, काँक्रीटनं खड्डा बुजवला आणि स्लिप भरली. मूळ तिथे नव्हतंच. त्या चौकात गवताची काडीसुद्धा उगवत नसे.

मग मूळ का लिहिलं? कारण तसंच लिहायचं असे. स्लिपवर 'कारण' या रकान्यात लिहायला चार गोष्टी होत्या. 'जुनी नळी' लिहिलं की भांडार विभाग खवळे, वरून पत्र येई की नळी जुनी आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं. 'सदोष जोड' लिहिलं की जोड ज्यानं केला त्या फिटरला मेमो. 'वाहनांचा भार' लिहिलं की बांधकाम खात्याशी वर्षभर पत्रव्यवहार आणि त्यात साक्षीला आपणच. 'झाडाचे मूळ' लिहिलं की प्रकरण मिटलं. कुणी काही विचारत नसे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात पान्हा धरायला शिके आणि दुसऱ्या आठवड्यात मूळ लिहायला. हे खोटं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. स्लिप कपाटात जाणार, कपाटाला वाळवी लागणार, यापलीकडे तिचं काही होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाकीच्यांच्या स्लिपा वाचताच येत नव्हत्या," रेणुका सांगत होती. "कुणी कारण लिहिलंच नाही, कुणाचं अक्षर लागत नाही. तुमच्या मात्र एकूण एक पूर्ण भरलेल्या. यंत्र जे काही शिकलं ते मुख्यतः तुमच्या अक्षरावरून शिकलं बाबा. मी त्या तपासल्यासुद्धा नाहीत. तुमच्या होत्या म्हणून."

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण लेक अभिमानानं बोलत होती. तिनं आणखी एक स्लिप उघडली. ठिकाण, वेताळपेठ, विहिरीची गल्ली. सोळा वर्षांपूर्वीची तारीख. कारण, झाडाचे मूळ.

"समितीपुढे मी हीच ठेवली. म्हटलं, माझ्या वडिलांनी चौदा वर्षं आधी इशारा दिला होता, कुणी लक्ष दिलं नाही. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही त्या मुलांचं ऐकून इतके खचला होतात."

दौलतराव उठले आणि नमुना ड टेबलावरच विसरून बाहेर पडले.

विहिरीची गल्ली त्यांना स्वच्छ आठवत होती. तिथली नळी इतकी सडली होती की करवत लावली तर भुगा पडत होता. शेजारून गटार वाहत होतं. नळाला पाणी दिवसातून एकच तास. पाणी बंद झालं की नळीत पोकळी होते आणि ती भेगेतून आजूबाजूची घाण आत ओढून घेते, हे फिटरला कुणी शिकवावं लागत नाही. ती साठ मीटर नळी पुरी बदलायला हवी होती. त्यांनी लोखंडी पट्टी आवळली, वर माती लोटली आणि मूळ लिहिलं. 'जुनी नळी' लिहिलं असतं तर दोन-चार पत्रं आली असती, बोलणी बसली असती, आणि कदाचित एखाद्या वर्षी नळी बदलली गेली असती.

सोमवारपासून ते यंत्रावर चिडले होते, महापालिकेवर चिडले होते, चार मान्यताप्राप्त रोपांवर चिडले होते. आता तो सगळा राग घरी परत आला होता आणि त्याला बसायला दुसरी जागा नव्हती.

दुपारी ते पराते साहेबांकडे गेले. पराते म्हणजे त्यांचे त्या काळचे ओव्हरसिअर, आता पंचाहत्तरीचे. कूलरसमोर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि मनापासून हसले. मूळ लिहा ही सूचना त्यांचीच होती, आणि ती त्यांना अजूनही हुशारीची वाटत होती.

"अरे दौलत," ते म्हणाले, "झाडाले काय मेमो येते? माणसं वाचवली आपण."

मग त्यांनी वडीलधाऱ्या मायेनं सल्ला दिला, की आता तोंड उघडू नको. तुझी पोरगी पुढे चालली आहे, आणखी दोन शहरं तिचं यंत्र घेणार आहेत म्हणतात. बापच उठून म्हणाला की पायाच खोटा, तर तिनं तोंड कुठे लपवायचं? दौलतरावांना त्यांचा राग आला आणि त्याच वेळी तो सल्ला बरोबरही वाटला. माणूस असा दुटप्पी असतो.

बुधवार तसाच गेला. संध्याकाळी भाजी आणायला पलीकडच्या गल्लीत गेले, तर तिथले नऊ करंज त्याच सकाळी काढून झाले होते. एका सरळ रेघेत नऊ बुंधे आणि नऊ कुंड्या. कुंड्यांवर महापालिकेचं बोधचिन्ह, आतली रोपं दुपारच्या उन्हानं माना टाकून बसलेली. भाजीवाली म्हातारी रोजच्या जागी नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, भोवळ येऊन पडली, दवाखान्यात नेलं. नियमावलीत तिच्यासाठी कोणतं कलम होतं? शोधलं असतं तर तिलाही एखादा नमुना भरायला सांगितला असता.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी लेकीला सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. चौकातली सायकलची ट्यूब सांगितली, विहिरीच्या गल्लीतली सडकी नळी सांगितली, चार कारणं आणि त्यांतलं सोयीचं एक सांगितलं.

रेणुकानं कप खाली ठेवला. तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःवर, आणि मग त्यांच्यावर.

"किती स्लिपा, बाबा?"

"अर्ध्याहून जास्त. जास्तच असतील."

"आणि वेताळपेठेत आता काय आहे? जमिनीखाली?"

हा प्रश्न दौलतरावांनी स्वतःला तोवर विचारलेला नव्हता. झाडांनी नळी फोडली असं ठरलं होतं. झाडं तोडली, जोडांना नव्या पट्ट्या आवळल्या, काम संपलं. नळी कोण बदलणार? गुन्हेगार तर सापडला होता. म्हणजे तीच साठ मीटर सडकी नळी तशीच होती आणि त्या गल्लीतले लोक आज सकाळीही तिचंच पाणी भरत होते.

दोघांच्याही हे एकदमच ध्यानात आलं. रेणुका उठली, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "बारा वाजता हरकतींची सुनावणी आहे. टेबलावर राहिलेला तुमचा अर्ज मी मंगळवारीच दाखल केलाय. तुम्ही या. मीही येईन, पण आधी मला एक काम आहे." ती त्यांच्याकडे न बघता गेली. तिच्या आवाजात त्यांनी माफी शोधून पाहिली, सापडली नाही.

सुनावणी महापालिकेच्या मोठ्या सभागृहात होती. आत इतका गारवा होता की दारातल्या शिपायानं स्वेटर घातला होता. समोर सुनावणी अधिकारी धारप. अत्यंत सभ्य माणूस, प्रत्येकाला 'आपली भावना समजू शकतो' म्हणायचे आणि खाली बसवायचे. सुमनबाईंना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी हात जोडून सांगितलं की झाड गेलं तर मी कुठं उभी राहू. धारपांना त्यांचीही भावना समजली. पर्यायी व्यवस्थेबाबत संबंधित विभागाकडे अर्ज करावा, असं त्यांनी सुचवलं.

मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईचं नाव पुकारलं. वनिता सोनटक्के, वेताळपेठ. नियमावलीच्या बाजूनं बोलण्यासाठी तिला महापालिकेची गाडी पाठवून आणलं होतं. तिशीतली बाई, साधं पातळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एका लहान मुलीचा फोटो.

"माही पोरगी तन्वी सात वर्षांची होती," ती म्हणाली. "आमच्या दारापुढं कडुनिंब होता. मी त्याच्याच सावलीत तिले झोळीत झोपवलं होतं. त्याच झाडानं नळी फोडली. हे लोक सावली-सावली करते. तुमचं लेकरू गेलं असतं, तं तुम्ही सावलीत बसले असते काय?"

सुमनबाईंनी मान खाली घातली. त्या बाईपुढे आपल्या करंजासाठी पुन्हा तोंड उघडायची त्यांची हिंमत नव्हती. अशाच वेळेसाठी वनिताला आणलं होतं आणि ज्यांनी आणलं त्यांचा हिशोब चुकला नव्हता. आईचं दुःख असं गाडीत घालून आणायचं आणि फायलीवर ठेवायचं, याला काय म्हणावं ते मराठीत अजून ठरलेलं नाही.

पुढचं नाव दौलतरावांचं होतं. ते उभे राहिले. बोलायचं ते धारपांशी, पण त्यांची नजर त्या फोटोवरून हटेना.

"साहेब, वेताळपेठेची ती स्लिप माझ्या हातची आहे," ते म्हणाले. "तिच्यावर मूळ लिहिलं आहे ते खोटं आहे. मूळ नव्हतं. नळी सडली होती. मला दिसत होतं, तरी मी मूळ लिहिलं, कारण मूळ लिहिलं की कुणी काही विचारत नव्हतं. बत्तीस वर्षं आम्ही सगळे तेच लिहीत होतो. तुमचं यंत्र आमच्या खोट्यावर शिकलं आहे. आणि ती नळी, बाई, अजून तुमच्या दारापुढं तशीच आहे."

धारपांनी घसा साफ केला. आपली भावना समजू शकतो, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. आजच्या सुनावणीचा विषय वृक्षांपुरता मर्यादित आहे, असं म्हणाले. जलवाहिन्यांचा विषय दुसऱ्या विभागाचा. शिवाय निवृत्त कर्मचाऱ्याचं तोंडी विधान शास्त्रीय प्रणालीपुढे पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावं, हाही प्रश्न होता. आणि शासकीय अभिलेखात खोटी नोंद केल्याबद्दल आपल्यावर कारवाई होऊ शकते, याची आपल्याला कल्पना आहे ना?

"आहे," दौलतराव म्हणाले.

तेव्हा मागच्या दारातून रेणुका पुढे आली. तिच्या हातात दोनच कागद होते. तिनं सकाळी वडिलांच्या आणि पराते साहेबांच्या हाताखालच्या सगळ्या स्लिपा बाजूला काढून मूळवेधला उरलेल्या नोंदींवर नव्यानं शिकवलं होतं. पहिल्या कागदावर शिक्षक कॉलनीचा करंज होता. एक्क्याण्णव टक्क्यांचे तीन टक्के झाले होते. दुसऱ्या कागदावर यादी होती. दोष द्यायला झाडं उरली नाहीत, तेव्हा यंत्रानं नळ्यांच्या वयाकडे पाहिलं होतं आणि शहरातल्या चौसष्ट ठिकाणी बोट ठेवलं होतं. सगळ्यांत वर विहिरीची गल्ली होती.

धारप म्हणाले की जुनी प्रणाली सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेली आहे, नव्या आकड्यांना मंजुरी नाही. तोवर जुन्या भाकितानुसार उद्याची कार्यवाही करणं क्रमप्राप्त आहे.

"त्याला माझी सही लागते," रेणुका म्हणाली. "ती मी करणार नाही. आधी झालेल्या सह्या चुकीच्या होत्या, हे मी लेखी देते आहे."

वडिलांच्या बाजूनं ती बोलली असं दौलतरावांना क्षणभर वाटलं, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती आपल्या चुकीचं बोलत होती. धारपांनी शेजारच्या माणसाशी कुजबुज केली, फायल मिटली आणि पुढील आदेशापर्यंत तोडणी स्थगित असल्याचं सांगितलं. सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आनंद करावा असं तिथे कुणालाच वाटेना.

विहिरीच्या गल्लीतलं पाणी आज संध्याकाळी कोण बंद करणार, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. तो दुसऱ्या विभागाचा विषय होता. शेवटी रेणुकानंच फोन काढला आणि जिन्यात उभी राहून ती एकेका विभागाला विनवत राहिली, मग ओरडत राहिली.

दौलतराव बाहेर पायऱ्यांवर आले. ऊन डोळ्यांत घुसत होतं. मागून पावलं वाजली. वनिता सोनटक्के होती. आणायला गाडी पाठवली होती, परत पोचवायला कुणी थांबलं नव्हतं. फोटोची पिशवी तिनं छातीशी धरली होती. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. दौलतरावांनी हात जोडले. तिनं त्या हातांकडे पाहिलं नाही.

"नवी नळी टाकली असती, तं जगली असती काय ती?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती सोयीचीही होती. "हो," दौलतराव म्हणाले. "जगली असती."

ती रडली नाही.

"ते झाड तोडलं तवा मी समोर उभी होती," ती म्हणाली. "म्हटलं, मुळासकट काढा. दोन वर्षं मी झाडायले शिव्या देल्या. ज्याले द्याच्या, त्याचं नाव तं मले कोणी सांगतलंच नाही. तुमचं पुरं नाव सांगा."

दौलतरावांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. तिनं ते विसरू नये म्हणून एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं आणि उन्हातून बसथांब्याकडे निघून गेली.